जूनपासून आलेल्या फक्त मावशीच नाहीत

पत्राचा सारांश (ओळख पटेल असा तपशील गाळून):

"आम्ही धायरीत राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई, सात वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी. जुलैत मुलाचं पोट बिघडलं. तेलकट, भयंकर वासाची शी, पोट फुगलेलं, अन्नावर वासना नाही. तपासणीत जिआर्डिया हा आतड्यात राहणारा परजीवी निघाला. डॉक्टरांनी औषध दिलं, बरं वाटलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच सुरू झालं. या वेळी घरात उरलेलं औषध तीन दिवस दिलं. अशक्तपणा येऊ नये म्हणून दोन वेळा दूध सुरू केलं. तरी पोट ताळ्यावर नाही.

घरात आरओ आहे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला मी सॅनिटायझर लावायला लावते. मुलाला बाहेरचं काही देत नाही. रविवारी बाबांबरोबर सिंहगडावर जातो, तेवढंच. धाकटीला काही त्रास नाही, ती पाळणाघरात छान रमली आहे. मग हे आलं कुठून? स्वयंपाकाच्या मावशी आमच्याकडे जूनपासून येतात. मी त्यांना म्हटलं, 'मावशी, तुमची शी तपासून घ्या, रिपोर्ट दाखवा आणि मग या.' त्या काहीच बोलल्या नाहीत. चार दिवस झाले, आलेल्या नाहीत, फोनही उचलत नाहीत. सासूबाई म्हणतात, बरं झालं, दुसरी बघ. आणि याचं गोड बंद कर, जंत गोडानेच होतात. नवरा म्हणतो, नवा प्युरिफायर घेऊ. मावशींना काढून टाकावं का? की माझंच चुकलं?"

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेवटचे दोन प्रश्न मोठे आहेत, पण मी अडखळले ते मधल्या एका साध्या वाक्यापाशी. मावशी आमच्याकडे जूनपासून येतात. जूनमध्ये मावशी आल्या, जुलैत आजार आला, हिशेब जुळला. आता पुण्यात जूनमध्ये आणखी काय काय सुरू होतं ते बघा. शाळा सुरू होते. शाळेबरोबर पाण्याची बाटली आणि शाळेचा संडास सुरू होतो. पाऊस सुरू होतो आणि नळाला मधूनच चहाच्या रंगाचं पाणी येतं. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागते. पाळणाघरांत नवी बाळं येतात. तुमची धाकटी केव्हापासून जाते ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्याच सुमारास असेल असा माझा अंदाज. आणि या सगळ्यांतून रिपोर्ट मागितला गेला तो एकाच व्यक्तीकडे, जिला "आधी तुमचा दाखवा" असं म्हणायची सोय नव्हती.

टोचून बोलायचं तेवढं बोलून झालं. मूल दुसऱ्यांदा आजारी पडलं की आई कुणावर तरी संशय घेणारच, मीही घेतला असता.

मी डॉक्टर नाही. पेठेतल्या एका लॅबमध्ये एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आणि त्यातला मोठा भाग लोकांच्या शी बघण्यात गेला. तेव्हा औषध कुठलं नि किती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. हा प्राणी कसा वागतो, एवढं मी सांगू शकते. ते कळलं की तुमचे अर्धे प्रश्न आपोआप मार्गी लागतील.

ताज्या, पातळ शीचा टाचणीच्या माथ्याएवढा कण काचेवर सलाइनच्या थेंबात कालवायचा, वर पातळ काच ठेवायची आणि बघत बसायचं. नशिबात असेल तर काहीतरी डुलत, गिरक्या घेत सरकताना दिसतं. पिंपळाचं पान गळताना कसं हेलकावे खात येतं, अगदी तसं. आकार उभ्या चिरलेल्या नासपतीसारखा. रंगवलेल्या काचेवर त्याची दोन केंद्रकं दोन डोळ्यांसारखी दिसतात. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली दचकून म्हणायच्या, "मॅडम, हा बघतोय माझ्याकडे!" मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.

हा झाला पोटात राहणारा जिआर्डिया. तो लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो आणि मुख्य म्हणजे चरबीचं पचन बिघडवतो. म्हणून शी तेलकट, तरंगणारी आणि नाक धरायला लावणारी होते, पोटात गुबारा धरतो, ढेकर नासक्या अंड्यासारखे येतात. तो आतडं पोखरत नाही, त्यामुळे शीतून रक्त पडत नाही. आव आणि रक्त पडत असेल तर तो आमांशाचा अमीबा किंवा दुसरा एखादा जंतू असू शकतो. त्याची तपासणीही वेगळी आणि औषधंही वेगळी.

बाहेर पडायची वेळ आली की जिआर्डिया स्वतःभोवती कवच करून घेतो. हा त्याचा कोष. मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग, म्हणजे डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. आजारी माणसाच्या शीतून एका दिवसात असे कोट्यवधी कोष बाहेर पडू शकतात. नव्या माणसाला आजार द्यायला दहासुद्धा पुरतात. थंड, ओलसर जागेत ते आठवडेच्या आठवडे टिकतात. पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरिनला बॅक्टेरिया जसे लगेच मरतात तसे हे मरत नाहीत. वाट मात्र एकच, शीतून तोंडात. मध्ये पाणी असेल, हात असेल, काकडीची फोड असेल, नाहीतर खेळणं असेल.

आणि एक गंमत सांगते. हा जीव पहिल्यांदा पाहिला गेला १६८१ साली. इकडे रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच साली तिकडे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने, पोट बिघडलं असताना, स्वतःची शी भिंगाखाली धरली. मोलकरणीची मागवली नाही.

आता तुमच्या गृहीतकांकडे येऊ. पहिलं गृहीतक म्हणजे सप्टेंबरचा आजार जिआर्डियाचाच आहे. कशावरून? जुलैत तपासणी झाली होती, सप्टेंबरमध्ये झालेली नाही. लक्षणं तीच आहेत हे खरं, पण त्याला तीन कारणं असू शकतात.

एक, त्याला पुन्हा नव्याने लागण झाली. दोन, जुलैतलाच पुरता गेला नव्हता. तुम्ही लिहिता की औषध "उरलं" होतं. ते उरलं कसं? मेट्रोनिडाझोल असेल तर त्याची चव मला माहीत आहे, तोंडात खिळा धरल्यासारखी. मुलं थुंकतात, आया दमतात, तिसऱ्या दिवशी शी बरी झाली की बाटली कपाटात जाते. बहुतेक घरांत असंच होतं. पण डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके पुरे केले नाहीत तर थोडे जिवंत राहिलेले पुन्हा संसार थाटतात. मग तीच अर्धी बाटली सप्टेंबरमध्ये पुन्हा तीन दिवस द्यायची, म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा. उरलेलं औषध आज केराच्या डब्यात टाका. डोस वजनावर ठरतो, आणि सगळ्यांना एकच औषध चालतं असंही नाही. टिनिडाझोल, निटाझॉक्सानाइड असे दुसरे पर्याय डॉक्टरांकडे असतात.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त खुणावतंय, आणि ते तुमच्याच पत्रात आहे. दूध. जिआर्डियाने लहान आतड्याचं अस्तर दुखावलं की दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य काही काळ कमी पडतं. परोपजीवी मेला, आतडं सावरायला मात्र काही आठवडे लागतात. त्या काळात दूध प्यायलं की पोट फुगतं, गुरगुरतं, पातळ होतं. अगदी जिआर्डियासारखंच. आणि आपण काय करतो? पोरगं वाळलंय म्हणून सकाळ-संध्याकाळ पेला भरून दूध! डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत दूध थांबवून बघा. दही-ताक बऱ्याच मुलांना सोसतं, तेही घरचं. मऊ भात, वरण, केळं चालेल. दोन-चार दिवसांत फुगारा उतरला तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांना निदानाला मदत होईल.

तपासणी मात्र नीट करायची. जिआर्डियाचे कोष शीतून रोज सारखे पडत नाहीत. आज काचभर दिसतील, उद्या एकही नाही. म्हणून एका निगेटिव्ह रिपोर्टवर मी कधीच विसंबले नाही. एकाआड एक दिवस असे तीन नमुने देण्याची पद्धत आहे ती याचसाठी. अँटिजेनची तपासणीही असते, डॉक्टरांना विचारा. नमुना लॅबच्या डबीतच द्या, त्यात लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळू देऊ नका आणि घेतल्यावर लवकर पोचवा. पूर्वी लोक काडेपेटीतून आणायचे. एका आजोबांनी लोणच्याच्या बरणीतून आणला होता, फोडी काढलेल्या, पण खार तसाच. त्या दिवशी काचेवर काय काय दिसलं ते विचारू नका.

दुसरं गृहीतक म्हणजे धाकटीला काही त्रास नाही, म्हणून तिचा संबंध नाही. या आजाराला हा नियम लागू होत नाही. बऱ्याच जणांच्या पोटात जिआर्डिया असतो आणि त्यांना पत्ताही नसतो; लहान मुलांत तर विशेष. डायपरमधली मुलं जिथे एकत्र असतात, एकच खेळणं आळीपाळीने तोंडात जातं आणि एकच ताई एकामागून एक डायपर बदलते, तिथे हा आजार पसरतो हे जगभर माहीत आहे. म्हणजे तुमचं पाळणाघर वाईट आहे असं नाही; ताई दर डायपरनंतर साबणाने हात धुते का, एवढंच विचारा. घरी डायपर कुठे बदलता? दिवाणावर? त्याच दिवाणावर दादा चिवडा खात टीव्ही बघतो का? मला घर न बघता दिसतंय, कारण आमच्याकडेही असंच होतं.

मुलाला पुन्हा लागण झाल्याचं निघालं तर डॉक्टरांना आपणहून विचारा, घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची का? धाकटीची, सासूबाईंची, तुमची, नवऱ्याची. एकाला औषध देऊन बाकीचे तसेच राहिले की तो घरातल्या घरात फिरत राहतो.

तिसरं गृहीतक तुमचं सॅनिटायझर. तुम्ही दारात बाटली ठेवलीत, कष्ट घेताय, आणि मला सांगायला वाईट वाटतं, पण या कोषाच्या कवचावर अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही. साबण त्याला मारत नाही, पण सुटा करतो आणि वाहतं पाणी त्याला घेऊन जातं. तेच हवं. वीस सेकंद, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. संडासातून आल्यावर, डायपर बदलल्यावर, जेवणाआधी, स्वयंपाकाला लागण्याआधी. आणि नळ! घाण हाताने नळ उघडला, हात धुतले, धुतलेल्या हाताने तोच नळ बंद केला, तर धुतलं काय? नळावरही साबणाचं पाणी मारायचं.

सात वर्षांचा मुलगा, म्हणजे स्वतःचं स्वतः धुवायला लागून फार दिवस झाले नसतील. एकदा हळूच बघा तो कसा धुतो. बहुतेक मुलगे पाण्याखाली हात दाखवून पळतात. शाळेत साबण असतो का, हे त्याला विचारा, शाळेला नंतर. नसेल तर दप्तरात कागदी साबणाची छोटी डबी द्या. आमच्या नातवाने त्या डबीतले कागद मित्रांना वाटून दोन दिवसांत संपवले, त्यामुळे वर्गातले बरेच हात धुतले गेले. नखं दर रविवारी कापा, गडावर जायच्या आधी.

गडावरून आठवलं. "तेवढंच" म्हणून तुम्ही ज्याला सोडून दिलंत, तिथे मी थोडी थांबणार आहे. सिंहगडावर झुणका-भाकरी, गरम कांदाभजी, मडक्यातलं दही, हे सगळं आम्हीही खाल्लंय. तव्यावरून आणि कढईतून उतरलेल्या पदार्थाची मला भीती वाटत नाही, उष्णतेपुढे हा कोष टिकत नाही. प्रश्न येतो ताक, लिंबू सरबत, बर्फ आणि कच्च्या कांद्याचा, कारण त्यातलं पाणी कुठलं ते कळत नाही. आणि देवटाकं, गडावरचं ते पाण्याचं टाकं. बाबांना विचारा, लेकाला देवटाक्याचं पाणी पाजलंय का? पुण्यातल्या बापांना त्या पाण्याचं फार कौतुक. गोड आहे, गार आहे, मान्य. पण उघड्यावरचं, साठलेलं, पावसाळ्यात डोंगर उतारावरून माती-घाण घेऊन येणारं कुठलंही पाणी न उकळता प्यायचं नाही, मग ते गडावरचं असो की ओढ्याचं. माणसांप्रमाणे जनावरांच्या पोटातही जिआर्डिया राहतो. लागण झाल्यापासून त्रास दिसायला साधारण एक ते दोन आठवडे जातात, तेव्हा आजार सुरू झाल्याच्या तारखेपासून पंधरा दिवस मागे मोजा आणि कॅलेंडरवर बोट ठेवून आठवा, कुठे गेलो होतो, काय प्यायलो होतो. मावशींचा नंबर त्या यादीत येईलही, पण तो एकटाच येणार नाही.

नव्या प्युरिफायरचं काय? आरओचा पडदा धड असेल तर हा कोष त्यातून जात नाही. शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं ते बघा, पडदा बदलायला झाला असेल तर बदला, आणि उरलेल्या पैशात दुसरं काहीतरी घ्या. यंत्र शुद्ध करतं ते त्याच्यातून जाणारं पाणी. काकडी, कोथिंबीर, टोमॅटो तुम्ही कशात धुता? वापरायच्या नळाखाली, आणि तो नळ चालतो सोसायटीच्या टाकीवर. ती टाकी भरते कधी महापालिकेच्या पाण्याने, कधी टँकरने, कधी बोअरने. कच्चं खायचं ते शेवटी एकदा प्यायच्या पाण्याने विसळा. ब्रश केल्यावर चूळ भरायचं पाणी, मुलाच्या बाटलीचं चोखायचं तोंड, माठात बुडवलेला पेला याही जागा बघा. यंत्राची शंका असेल त्या दिवशी पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, एक मिनिट तशीच ठेवा, झाकून गार करा. याहून खात्रीचं काही नाही.

तुम्ही सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात राहता, त्यामुळे पाणी म्हटलं की पोटात गोळा येतो हे मी समजू शकते. जानेवारी २०२५ मध्ये याच भागात गिया-बारेचे, म्हणजे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले तेव्हा घराघरांत पाणी उकळायला लागलं होतं. तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. तो बॅक्टेरिया आहे. जिआर्डिया हा वेगळा प्राणी. त्याने मुलगा वाळेल, कंटाळेल, वजन घटेल, पण दोन्हींची भीती एकत्र कालवू नका. सोसायटीच्या सेक्रेटरींना एवढंच विचारा, जमिनीखालची टाकी शेवटची कधी धुतली आणि ड्रेनेजचं चेंबर तिच्यापासून किती लांब आहे. पाण्याची नेहमीची तपासणी कोलिफॉर्म आणि ई. कोलाय या बॅक्टेरियांसाठी असते, जिआर्डिया त्यात दिसत नाही. पण ई. कोलाय निघाला तर कुठेतरी मैलापाणी शिरतंय हे नक्की, आणि ते कळणंही पुष्कळ झालं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. गोड कमी करण्याला माझी हरकत नाही, दातांना बरंच. पण जिआर्डिया गोडाने होत नाही आणि तो जंतही नाही. तो एका पेशीचा जीव आहे. शाळेत, अंगणवाडीत १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी देतात ती पोटातल्या कृमींसाठी. ती मुलाला जरूर द्या, पण त्या एका गोळीने जिआर्डियाचा निकाल लागला असं धरून चालू नका. वावडिंगाचं पाणी त्या देत असतील तर डॉक्टरांच्या औषधाऐवजी नको, एवढंच. धाकटीची दुपटी, खेळणी, दिवाणाची चादर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं काम मात्र त्यांच्याकडेच सोपवा. हा कोष ओलाव्यात जगतो, खडखडीत सुकलेलं त्याला मानवत नाही, आणि उन्हाचा उपयोग त्यांच्या पिढीला आपल्याहून जास्त कळतो.

आता मावशी.

त्यांच्याकडून लागण झालीच नसेल असं मी म्हणत नाही. होऊ शकते. पण कशी होईल ते नीट बघू. पोळी तव्यावर भाजली जाते. आमटी उकळते, भाजी शिजते. मावशींच्या हातावर काही असलंच तर ते मुलाच्या तोंडात जायला जागा उरते कोशिंबिरीत, वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीत, चटणीत आणि धुऊन ओल्याच मांडलेल्या ताटवाट्यांत. ती जागा बंद करणं सोपं आहे. काही दिवस कोशिंबीर तुम्ही करा, आणि ओट्यापाशी साबण ठेवा.

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. मावशी तुमच्याकडे किती वेळ असतात, आणि त्यात त्यांना लागलं तर त्या कुठे जातात? तुमचा संडास वापरतात का? की खाली पार्किंगच्या कोपऱ्यात वॉचमन, ड्रायव्हर आणि मावश्यांसाठी जो एक संडास असतो, तिथे? त्याचं दार कधी उघडून बघितलंत? कडी लागत नाही, बादलीत अर्धं पाणी, साबण नाहीच. तिथून ती बाई तुमच्या कणकेकडे येते. म्हणजे तिला साबण द्यायचा नाही आपण, आणि रिपोर्ट मागायचा तिच्याकडे. आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी साबणाचा विषय काढला तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, "साबण चोरीला गेला तर जबाबदार कोण?" शेवटी वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधली. दीड वर्ष झालं, वडी झिजते, कुणी नेत नाही.

तेव्हा त्यांना काढू नका. काढून उपयोगही नाही. नव्या येणाऱ्या मावशी त्याच संडासातून, त्याच नळावरून येणार, आणि जिआर्डिया धाकटीकडे किंवा टाकीत असेल तर तो तिथेच राहणार. मग नोव्हेंबरमध्ये तुम्ही तिसऱ्या मावशींबद्दल लिहाल.

चूक तुमची झाली का? काळजी करण्यात नाही. सांगण्याच्या रीतीत झाली. "रिपोर्ट आणा, मग या" यात पहिला ऐकू येतो तो आरोप, दुसरा खाडा आणि तिसरा लॅबचा खर्च. तिन्ही तुम्ही उचललेत तर गोष्ट वेगळी होते. त्यांना सांगा, "मावशी, पोराच्या काळजीत मी तुम्हाला नको तसं बोलले. घरात आजार आहे, डॉक्टर म्हणाले तर आम्ही सगळेच तपासणार आहोत. तुम्हालाही हवी असेल तर तुमची करू, पैसे मी देणार. नको असेल तर नको." आणि शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. त्रास नसलेल्या माणसाने तपासणी केलीच पाहिजे असं काही नाही. त्यांच्या पोटात बिघाड असेल तेव्हा मात्र त्यांनी स्वयंपाकाला हात लावू नये. आणि हे त्यांना शक्य व्हायचं तर त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत. पगार कापला जातो म्हणूनच माणसं जुलाब लपवून कामाला येतात, हे मी लॅबमध्ये काऊंटरवर बसून पुष्कळ ऐकलंय. या चार दिवसांचेही कापू नका. आणि घरातला संडास त्यांना दाखवा, साबणासकट.

त्यांच्या घरी कुणाला असा त्रास आहे का, पाणी कसलं येतं, हेही कधीतरी विचारा. चौकशी म्हणून नव्हे. त्यांनाही मुलं-नातवंडं असतील, आणि लागण तुमच्या घरून त्यांच्याकडे गेली असण्याची शक्यता तुमच्या पत्रात कुठेच नव्हती.

डॉक्टरांकडे या दोन-तीन दिवसांत जा. शीतून रक्त, ताप, लघवी कमी, डोळे खोल, मूल मलूल, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी जा; तोवर ओआरएस घोटघोट चालू ठेवा. जुलै ते आता वजन किती हललं ते लिहून न्या. हे वाचणाऱ्या इतरांपैकी कुणी गरोदर असेल, किंवा कुणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली असेल, तर त्यांनी दुकानातून परस्पर गोळ्या घेऊच नयेत. पोट ठीक होईपर्यंत मुलाला पोहण्याच्या तलावात पाठवू नका; तिथल्या क्लोरिनमध्येही हा कोष तासाभराच्या आसपास तग धरू शकतो आणि दुसऱ्याच्या मुलाकडे जातो.

मावशींना फोन दुपारी तीननंतर करा. सकाळी त्या दुसऱ्या घरी असतील आणि हात कणकेत असतील.